तेलाने वाहिलेला जोर

कल्याण स्थानक सोडून कर्जतच्या अंगाने निघालेली लोकल प्रथम थांबते ती विठ्ठलवाडीस. कल्याण ते पुणे हा लोहमार्ग १९२९-३० च्या सुमारास विजेवर आला, आणि तेव्हापासून येथील गाड्यांचा जीव डोक्यावरच्या तारेत आहे. परंतु ती तारच दुरुस्त करावयाची असते तेव्हा तिच्यातील वीज बंद करणे भाग पडते, आणि शेवटची लोकल निघून गेल्यावर, ब्लॉक मंजूर झाला म्हणजे, छपरावर उभे राहून काम करण्याची सोय असलेली जी गाडी रुळांवरून येते, तिला स्वतःच्या डिझेल इंजिनावरच विसंबावे लागते. रेल्वेच्या माणसांत तिचे नाव टॉवर वॅगन. या गाड्यांपैकी काहींत डिझेल इंजिन जनित्र फिरवते व त्या विजेवर चाके चालतात. काहींत मात्र इंजिन आणि चाके यांच्या दरम्यान विजेच्या जागी तेल असते, आणि इंजिनाचा सारा जोर त्या तेलाच्या प्रवाहातून चाकांपर्यंत पोचतो. रेल्वेच्या दप्तरात अशा गाडीची नोंद डिझेल हायड्रॉलिक म्हणून होते.

विठ्ठलवाडीतच राज्य परिवहनाचे आगार आहे, आणि तेथील साध्या गाडीचा चालक फलाटावरून गाडी हलवताना डाव्या पायाने क्लच किती हलक्या हाताने, किंबहुना हलक्या पायाने, सोडतो यावर प्रवाशांची मान हिसकणार की नाही हे ठरते. तेथून थोड्या अंतरावर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा चालक मात्र सुकाणूजवळची एक लहानशी दांडी पुढे-मागे ढकलून तेच यंत्र क्षणात पुढे व क्षणात मागे नेतो; मातीच्या ढिगात बादली रुतून चाके जागच्या जागी थबकली तरी त्याचे इंजिन बंद पडत नाही, उलट चाकांवरचा जोर त्या क्षणी सर्वांत अधिक असतो. टॉवर वॅगन आणि जेसीबी या दोन अगदी भिन्न यंत्रांना जोडणारा जो अवयव आहे, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्याच्या रचनेत ज्या सुधारणा झाल्या, त्यांत एका भारतीय अभियंत्याचा व पुण्यातील एका कारखान्याचा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे असावा तितका परिचित नाही म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

अंतर्ज्वलन इंजिनात एक जन्मजात उणीव आहे. वाफेचे इंजिन स्तब्ध असतानाही दट्ट्यावर वाफेचा पूर्ण दाब देऊ शकते. विजेची मोटर तर स्थिर अवस्थेतच प्रचंड पीळ, म्हणजे टॉर्क, निर्माण करते. परंतु डिझेल वा पेट्रोल इंजिन स्वतः फिरत असेल तरच शक्ती देते, आणि त्याचा वेग एका मर्यादेखाली उतरला की धडधडून बंद पडते. म्हणजे इंजिन फिरत आहे आणि चाके स्थिर आहेत अशी एक अवस्था प्रत्येक प्रस्थानाच्या वेळी अपरिहार्यपणे येते, व या दोन वेगांचा मेळ घालण्याची काही तजवीज मध्ये करावीच लागते. क्लच ही तजवीज घर्षणाने करतो. हलक्या वाहनाला ते पुरते. परंतु साठ टन वजनाचे इंजिन जेव्हा मालगाडीचे डबे यार्डात दिवसभर ढकलते व ओढते, तेव्हा घर्षणाच्या तबकड्या जळून खाक व्हावयाच्या. शिवाय क्लच जोर वाढवत नाही. इंजिनाकडून जितका पीळ मिळाला तितकाच तो पुढे देतो, आणि जोर वाढविण्याचे काम दातेरी चाकांच्या टप्प्यांवर सोडतो. प्रत्येक टप्पा बदलताना क्षणभर ओढ तुटते ती वेगळीच.

या अडचणीवरचा उपाय मोटारगाडीच्या किंवा रेल्वेच्या जगात शोधला गेला नाही, तो जहाजांच्या जगात शोधला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेचे टर्बाइन आले होते. ते अतिवेगाने फिरले तरच काटकसरीने चालत, आणि जहाजाचा पंखा मात्र मंद गतीनेच कार्यक्षम ठरे. स्टेटिन येथील व्हुल्कान जहाज कारखान्यात नोकरीस असलेल्या हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यापुढे हा प्रश्न आला. त्याचे शिक्षण विद्युत् अभियांत्रिकीचे. साहजिकच टर्बाइनने जनित्र फिरवावे आणि त्या विजेने मोटर फिरवून पंखा चालवावा असा विचार प्रथम पुढे आला. परंतु जनित्र व मोटर यांच्या जागी पंप आणि जल-टर्बाइन ठेवले, आणि त्या दोहोंना जोडणारे नळ व वाहिन्या यांना फाटा देऊन दोन्ही चाके एकाच बंद कवचात समोरासमोर बसवली, तर मधला बहुतेक अपव्यय टळेल, ही त्याची खरी प्रतिभा. १९०५ साली त्याने या रचनेचे पेटंट घेतले. पुढे जहाजांसाठी उत्तम दातेरी चाके तयार होऊ लागली व त्या क्षेत्रातून फ्योटिंगरची योजना मागे पडली. पण तोवर तिची मूळ कल्पना सिद्ध झालेली होती, आणि जमिनीवरच्या वाहनांना तिची गरज जहाजांहून अधिक होती.

रचना समजावयास कठीण नाही. कड्यासारख्या पोकळ कवचात तेल भरलेले असते व त्यात वक्र पात्यांची तीन चाके असतात. पहिले चाक इंजिनाला जोडलेले. त्याला पंप म्हणतात. ते फिरू लागले की पात्यांमधील तेल केंद्रापासून परिघाकडे फेकले जाते व फिरत फिरत समोरच्या दुसऱ्या चाकात, म्हणजे टर्बाइनमध्ये, शिरते. टर्बाइन गाडीच्या चाकांना जोडलेले असते. तेलाचे फिरणे ते आपल्या पात्यांनी अडवते, आणि त्या अडवण्यातच त्याला पीळ मिळतो. टर्बाइनमधून केंद्राजवळ बाहेर पडलेले तेल तिसऱ्या, कवचाच्या आधाराला पक्के धरून ठेवलेल्या चाकातून पंपाकडे परत जाते. हे तिसरे चाक म्हणजे स्टेटर. ते फिरत नाही, शक्ती निर्माण करत नाही, वरवर पाहता काहीच करत नाही. आणि तरीही टॉर्क कन्व्हर्टरचे सारे रहस्य त्याच्याच ठायी आहे.

बागेतील नळीची धार सपाट फळीवर मारली तर फळीला काही एक धक्का बसतो. तीच धार खोलगट ताटलीवर अशी मारली की ती वळून आल्या वाटेने परतावी, तर धक्का जवळपास दुप्पट होतो. टर्बाइनची पाती या ताटलीसारखी वळवलेली असतात. स्थिर टर्बाइनमधून तेल बाहेर पडते तेव्हा त्याची फिरण्याची दिशा पंपाच्या नेमकी उलट झालेली असते, आणि ते तसेच पंपात शिरले तर पंपाला, म्हणजे इंजिनाला, विरोध करील. स्टेटरची पाती त्या उलट्या तेलाला पुन्हा सुलट करून पंपाच्या दिशेने लावून देतात. या कामी स्टेटरवर जो पीळ येतो तो कवच सोसते. आणि न्यूटनच्या नियमानुसार तिन्ही चाकांवरील पिळांची बेरीज शून्य व्हावी लागत असल्याने, पंपाचा पीळ अधिक स्टेटरचा पीळ, इतका एकूण पीळ टर्बाइनला मिळतो. स्टेटर काढून टाकला तर टर्बाइनला पंपाइतकाच पीळ मिळेल, अधिक नाही. अशा दोनच चाकांच्या रचनेला द्रव-जोड किंवा फ्ल्युइड कपलिंग म्हणतात. स्थिर राहून, केवळ वळण देऊन, जोर वाढवणारे हे चाक मला यंत्रशास्त्रातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. मोटारगाडीच्या सामान्य कन्व्हर्टरमध्ये प्रस्थानाच्या क्षणी पीळ सुमारे दुप्पट ते अडीचपट होतो.

जोर वाढला म्हणजे शक्ती वाढली असे मात्र नाही. शक्ती म्हणजे पीळ व वेग यांचा गुणाकार; टर्बाइनचा पीळ दीडपट आणि वेग पंपाच्या निम्मा असेल, तर कार्यक्षमता पाऊण पट, म्हणजे ७५ टक्के, झाली. उरलेले २५ टक्के तेलात उष्णतेच्या रूपाने जमा होतात. गाडी अगदी स्थिर असेल तेव्हा पीळ सर्वाधिक, पण वेग शून्य; म्हणून कार्यक्षमताही शून्य, आणि इंजिनाची सारी शक्ती तेल तापवण्यात खर्च होते. हा हिशेब किती कठोर आहे ते पाहावे. इंजिन १०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅट, देत आहे आणि चाके रुतून बसली आहेत असे समजू. यंत्रात २० लिटर तेल असेल तर त्याचे वजन साधारण १७ किलो, आणि एवढे तेल एक अंशाने तापवण्यास सुमारे ३४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तेलाचे तपमान दर सेकंदाला दोन अंशांहून अधिक वेगाने चढते, व अर्ध्या मिनिटात ते ६५ अंशांनी वाढते. म्हणूनच अशा यंत्रांना तेल थंड करणारा स्वतंत्र शीतक जोडावा लागतो, आणि रुतलेल्या यंत्राला सतत जोर देत राहू नये, अशी ताकीद चालकांना दिलेली असते.

आणखी एक नियम रचनाकाराच्या मनात सदैव असतो. कन्व्हर्टर जितका पीळ पेलू शकतो तो त्याच्या फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या, आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या, प्रमाणात असतो. व्यास केवळ दहा टक्क्यांनी वाढवला तर क्षमता सुमारे ६१ टक्क्यांनी वाढते. यामुळे लहानशा यंत्रातून मोठी शक्ती नेता येते. पण इंजिनाशी त्याचा आकार तंतोतंत जुळवावा लागतो, कारण थोड्या मोठ्या कन्व्हर्टरने इंजिन दबून जाते आणि थोड्या लहानाने ते वृथा घरघरत राहते.

स्टेटर पक्का बसवलेल्या आरंभीच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता मधल्या वेगांपर्यंत चढत जाई व मग पुन्हा उतरे. कारण असे की टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाजवळ आला म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडणारे तेल पंपाच्याच दिशेने फिरत असते; त्याला वळवण्याची गरज उरलेली नसते, आणि स्थिर स्टेटर त्या प्रवाहाच्या वाटेत निव्वळ अडथळा म्हणून उभा राहतो. जेथे त्याचे उपकार संपले तेथून तो अपकार करू लागतो. १९२८ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील श्पान्हाके, क्लुगे व फॉन सांडेन या संशोधकांनी स्टेटर एकाच दिशेने फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवला. तेल उलट दिशेने येत आहे तोवर तो क्लच स्टेटरला घट्ट धरून ठेवतो. तेल सुलट दिशेने येऊ लागले की तो त्याला मोकळा सोडतो, आणि स्टेटर प्रवाहाबरोबर निमूटपणे फिरू लागतो. म्हणजे तेच यंत्र प्रस्थानाच्या वेळी कन्व्हर्टर असते व पुढे आपोआप द्रव-जोड बनते. कोणाला दांडी ओढावी लागत नाही, कोणाला हुकूम द्यावा लागत नाही. ट्रायलॉक या नावाने ओळखली जाणारी ही रचना आजही बहुतेक स्वयंचलित मोटारगाड्यांच्या कन्व्हर्टरचा पाया आहे.

त्याच काळात स्वीडनमधील आल्फ ल्यूसहोल्म याने वेगळी वाट धरली. त्याच्या कन्व्हर्टरमध्ये टर्बाइनच्या पात्यांच्या एकाहून अधिक रांगा होत्या व तेल त्यांमधून टप्प्याटप्प्याने वळत जाई. त्यामुळे आरंभीचा जोर कितीतरी पटींनी वाढे. इंग्लंडच्या लेलँड कंपनीने १९३३ च्या सुमारास असा कन्व्हर्टर बसगाड्यांत बसवला व त्यांना गिअरविरहित बस म्हणून प्रसिद्धी दिली. गाडीने वेग घेतला की चालक एका दांडीने कन्व्हर्टर बाजूस सारून इंजिन सरळ चाकांना जोडी. पुढे अमेरिकेत ब्यूइक गाड्यांच्या डायनाफ्लो यंत्रणेने १९४८ साली कन्व्हर्टरला सामान्य मोटारमालकाच्या घरी नेले. ती चालायला रेशमासारखी मऊ, पण इंधनाच्या बाबतीत उधळी होती. स्टेटरच्या पात्यांचा कोन चालू गाडीत बदलता यावा ही सुधारणाही त्याच यंत्रणेत १९५५ च्या सुमारास आली. आणि १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीने कन्व्हर्टरच्या पोटातच एक घर्षण-क्लच ठेवला, जो वेग आल्यावर पंप आणि टर्बाइन यांना एकमेकांशी पक्के बांधून टाकी. एवंच, फ्योटिंगरनंतरच्या अर्धशतकात झालेल्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या सुधारणेचा रोख एकच दिसतो: तेलाने जोर वाहावा तो जेथे त्याची गरज आहे तेथेच, आणि गरज सरताच त्याने वाट मोकळी करावी.

आता आपल्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत भारतीय रेल्वेपुढे वाफेची इंजिने हळूहळू काढून डिझेल आणण्याचा मोठा प्रश्न होता. मुख्य मार्गांसाठी अमेरिकन ॲल्को कंपनीच्या नमुन्याची, विद्युत्-प्रेषणाची इंजिने वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागली. कल्याणच्या डिझेल शेडमध्ये देखभालीसाठी वर्षानुवर्षे उभी राहिलेली इंजिने याच जातीची. त्यांत डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि प्रत्येक आसाला स्वतंत्र विद्युत् मोटर असते. ही पद्धत भरवशाची खरी, पण तिला तांबे पुष्कळ लागते, आणि तांब्यासाठी आपल्याला परदेशाकडे पाहावे लागे. शिवाय यार्डातल्या लहान इंजिनासाठी एवढा विद्युत् सरंजाम जड पडे. जर्मनीत १९५३ पासून व्ही २०० जातीची, तेलातून जोर वाहणारी शक्तिमान इंजिने धावत होती, ब्रिटिश रेल्वेच्या पश्चिम विभागानेही तीच वाट काही काळ चोखाळली. तेव्हा द्रव-प्रेषण हा पर्याय भारतीय अभियंत्यांच्या दृष्टीसमोर होताच.

रेल्वेतील मनमोहन सुरी या तरुण यांत्रिकी अभियंत्याने हा प्रश्न हाती घेतला तो परदेशी यंत्राची नक्कल करण्याच्या हेतूने नव्हे. १९२८ साली जन्मलेल्या या अभियंत्याने जी योजना सिद्ध केली ती पुढे सुरी ट्रान्समिशन या नावानेच ओळखली जाऊ लागली. तिला हायड्रो-मेकॅनिकल म्हणतात, कारण तिच्यात द्रवाचा मार्ग आणि सरळ यांत्रिक मार्ग या दोहोंची सांगड आहे: गाडी हलवताना व वेग घेताना जोर टॉर्क कन्व्हर्टरमधून जातो, आणि वेग पुरेसा झाल्यावर तो यांत्रिक जोडातून जातो, म्हणजे तेलातील तूट त्या अवस्थेत उरत नाही. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सारी परीक्षा एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाण्याच्या त्या क्षणी असते. कारण कन्व्हर्टरच्या अंमलात इंजिन व चाके वेगवेगळ्या गतींनी फिरत असतात, आणि यांत्रिक जोडात त्यांना एकाच प्रमाणात फिरावे लागते. सांधा घाईने केला तर धक्का बसून आस व दाते मोडतात. आधी एक मार्ग तोडून मग दुसरा जोडावा तर मधल्या काळात ओढ नाहीशी होते व चढणीवरची मालगाडी मागे रेलते. लेलँडच्या बसचालकाने दांडी ओढून जे साधावयाचे, ते शेकडो टनांच्या ओझ्याखाली यंत्राने स्वतः, बिनधक्क्याने व हजारो वेळा साधावे, हे या जातीच्या यंत्रणांचे खरे आव्हान होय. सुरी यांच्या कार्याची दखल देशाने घेतली. त्यांना १९६१ साली पद्मश्री आणि १९६२ साली अभियांत्रिकी शास्त्रांसाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले, आणि त्याच संस्थेत ज्या ट्रॅक्टरची रचना झाली तो स्वराज या नावाने देशभरच्या शेतांत पोचला.

योजना कागदावरून पोलादात उतरवण्याचे काम महाराष्ट्रात झाले. पुण्याजवळ हडपसर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने सुरी ट्रान्समिशनचे उत्पादन हाती घेतले. ज्यांना कारखान्याची माहिती आहे त्यांना या वाक्यातील श्रम कळतील: वक्र पात्यांची चाके ओतायची, ती वेगाने फिरताना तसूभरही डगमगू नयेत म्हणून तोलायची, तेलाची गळती थांबवणाऱ्या सीलांना उष्णतेत टिकवायचे, आणि दाते व क्लच असे घडवायचे की यार्डातील रोजच्या आदळआपटीत ते वर्षानुवर्षे तगावेत. चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्याने १९६८ च्या सुमारास जर्मन माक कंपनीच्या परवान्याने बनवलेल्या डिझेल यंत्रांवर आधारित जी शंटिंग इंजिने बांधण्यास आरंभ केला, त्यांत सुरी ट्रान्समिशनला स्थान मिळाले. डब्ल्यूडीएस-४ या जातीची, ६०० ते ७०० अश्वशक्तीची ही इंजिने देशातील अनेक यार्डांत डबे जुळवीत व तोडीत राहिली, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे उत्पादन थांबेपर्यंत चित्तरंजनहून अशी आठशेंहून अधिक द्रव-प्रेषणाची इंजिने बाहेर पडली. मुख्य मार्गावरच्या मोठ्या इंजिनांच्या मामल्यात मात्र विद्युत्-प्रेषणच जिंकले. जर्मनीच्या हेन्शेल कंपनीची द्रव-प्रेषणाची मोठी इंजिने १९७० च्या सुमारास आपल्याकडे आली होती. ती थोडीच राहिली, आणि त्यांची परंपरा पुढे चालली नाही. शंटिंगसारख्या कामात, जेथे वेग अल्प, थांबणे-निघणे अखंड, आणि वजन व किंमत मर्यादित हवी, तेथे द्रवाचा अधिकार अधिक होता असा कौल अनुभवाने दिला.

जर्मनीच्या फॉइट कंपनीने याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. तिच्या रेल्वे-यंत्रणांत एकाहून अधिक द्रव-मंडले असतात, एक प्रस्थानासाठी, दुसरे पुढील वेगासाठी. आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना घर्षण-क्लच लागत नाही, तर एका मंडलातील तेल काढून दुसऱ्यात भरले जाते. झिजण्यासारखे काही नसल्याने ही रचना दीर्घायुषी ठरली.

मोटारगाड्यांच्या क्षेत्रात १९७३ च्या तेलसंकटाने कन्व्हर्टरचे भाग्य पुन्हा ढवळले. द्रव-जोड म्हणून चालणाऱ्या कन्व्हर्टरमध्येही टर्बाइन पंपाहून दोन ते पाच टक्के मागे राहते, आणि लांबच्या प्रवासात ही तूट इंधनाच्या खर्चात दिसते. तेव्हा पॅकार्डची जुनी कल्पना, म्हणजे पंप व टर्बाइन बांधून टाकणारा लॉक-अप क्लच, १९७८ च्या आसपास क्रायस्लरने व लवकरच इतरांनी स्वीकारली. परंतु एक लाभ घेताना दुसरा जातो. इंजिनातील प्रत्येक स्फोटाबरोबर आसाला एक सूक्ष्म हिसका बसतो; तेल तो गिळून टाकी, पण क्लच बांधल्यावर तोच हिसका थेट गाडीत उतरू लागला. त्यासाठी क्लचच्या तबकडीत पीळ शोषणाऱ्या स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. नंतर संगणकाच्या साह्याने क्लच पूर्ण न बांधता मिनिटाला काही थोडे फेरे एवढीच घसर राहू देण्याची युक्ती निघाली, म्हणजे तूट नगण्य राहावी आणि थरथर पुढे जाऊ नये. आणि अलीकडे कन्व्हर्टरच्या आत लहान लंबक बसवतात, जे इंजिनाच्या फेऱ्यांशी ताल जुळवून उलट बाजूस डुलतात व थरथर जागीच शमवतात. तेलाने अजाणता जी सेवा इतकी वर्षे बजावली होती, तिची किंमत ती सेवा काढून घेतल्यावर कळली.

दरम्यान पात्यांचा व कवचाचा आकारही बदलला. आरंभी कवचाचा छेद गोल असे. गाडीत जागा वाचवावी म्हणून तो चपटा करत नेला, आणि चपट्या कड्यात तेलाला आखूड वळणे घ्यावी लागत असल्याने प्रवाह पात्यांपासून सुटू लागला. प्रवाह सुटला की भोवरे, आणि भोवरे म्हणजे उष्णता. पूर्वी पात्यांचे कोन एका मध्यम प्रवाहरेषेच्या गणितावरून ठरवीत व बाकीचे अनुभवावर सोपवीत. आता संगणकावर तेलाच्या प्रवाहाचे संपूर्ण त्रिमितीय चित्र काढता येते, आणि स्टेटरचे पाते विमानाच्या पंखासारखे जाड नाकाचे करतात, म्हणजे कोणत्याही कोनातून आलेल्या तेलाला ते सामावून घेईल. मोठ्या भाराखाली स्टेटरच्या पात्यांवर तेलाचा दाब इतका उतरतो की त्यात बाष्पाचे बुडबुडे निर्माण होतात, ते फुटताना आवाज करतात व प्रवाह बिघडवतात. म्हणून साऱ्या मंडलातील तेल नेहमी दाबाखाली ठेवावे लागते. मोटारगाडीच्या कन्व्हर्टरची पाती सहसा पत्रा दाबून घडवतात व कवचात बसवतात. अवजड यंत्रांची चाके ओतीव धातूची असतात.

विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आता आपल्या शहरांतून दिसू लागल्या आहेत, आणि त्यांना टॉर्क कन्व्हर्टरची गरज नाही. ज्या उणिवेसाठी तो जन्मास आला ती विद्युत् मोटरमध्ये मुळातच नाही. फ्योटिंगरने वीज काढून तेथे द्रव आणला होता. शतकभराने वीज आपले स्थान परत घेत आहे. तथापि खोदकाम करणारी यंत्रे, अवजड वाहने आणि डिझेलवर चालणारी रेल्वेची दुरुस्ती-वाहने यांत तो अजून पुष्कळ काळ काम करील, आणि त्याच्या रचनेतून द्रवाच्या वर्तनाविषयी जे ज्ञान मिळाले ते पंप व टर्बाइन यांच्या प्रत्येक शाखेस उपयोगी आहे.

मला खंत आहे ती निराळी. सुरी ट्रान्समिशनसारखी देशात जन्मलेली, देशातच घडलेली यंत्रणा आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते. विद्यार्थ्याला ट्रायलॉक माहीत असतो, डायनाफ्लो माहीत असतो, हडपसरला काय घडले ते माहीत नसते. ती इंजिने मोडीत निघत आहेत, आणि ज्यांनी ती जोडली, खोलली, तेलाने माखलेल्या हातांनी त्यांचे दाते पारखले, ती माणसे कल्याण, विठ्ठलवाडी, कुर्ला, हडपसर अशा ठिकाणी निवृत्तीचे दिवस काढीत आहेत. त्यांच्या घरी जुनी देखभाल-पुस्तके, आकृत्या, नोंदवह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी आपण काय पाहिले, कोणता भाग कशाने मोडे आणि तो कसा दुरुस्त केला, हे साध्या मराठीत लिहून एखाद्या तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात जमा करावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.